द. रा. कापरेकर : आकड्यांची कोडी घालणारे देवळालीचे गणित शिक्षक



रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं पुण्यातल्या कितीतरी घरांत अजूनही नेमानं सोडवलं जातं. आडवे शब्द, उभे शब्द, मधली काळी घरं. आज तसंच एक कोडं देतो, पण घरांत अक्षरांऐवजी अंक भरायचे आहेत. म्हणजे शब्दकोडं नाही, अंककोडं. चौकोन अगदी लहान, तीन बाय तीनचा, आणि मधलं घर काळं :

१ □ २
□ ■ □
३ □ □

आडव्या संख्या
१. हिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, पुन्हा हीच संख्या मिळते.
३. कापरेकर संख्या.

उभ्या संख्या
१. हर्षद संख्या.
२. हर्षद संख्या.

संकेत एवढेच. पहिला तरी थोडं बोलतो, बाकीचे तीन नुसती नावं सांगून गप्प बसतात. पण काळजी नको, उत्तर एकच आहे आणि ते पाचवीच्या गणितात बसतं. गंमत अशी की या चारही संकेतांमागे एकच माणूस आहे. त्याची गोष्ट वाचता वाचता एकेक किल्ली हाती येईल. आधी कागद-पेन्सिल घ्या.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. वडील कारकून होते, पण त्यांना ज्योतिषाचा फार नाद. पत्रिका मांडायची म्हणजे अंश, कला, घटका, पळे यांची बेरीज-वजाबाकी आलीच. ज्योतिषावर तुमचा-माझा विश्वास असो वा नसो, त्या घरातल्या मुलाला आकडेमोडीची गोडी वडिलांकडून लागली हे मात्र खरे. दत्तात्रय आठ वर्षांचे असताना आई गेली. पुढे वडिलांनीच त्यांना वाढवले.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. अभ्यास होताच, पण या मुलाचा खरा जीव रमायचा तो गणिती कोडी सोडवण्यात. तासन्‌तास. आज असा मुलगा आपल्या वर्गात असेल तर त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर काय चाललंय ते एकदा जरूर बघा, रागवायच्या आधी.

१९२३ साली ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले. त्या काळचे फर्ग्युसन आणि गणित हे नाते आपण पुणेकर सहसा विसरत नाही. केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय, र. पु. परांजपे, याच कॉलेजचे. १८९९ साली त्यांनी तो मान मिळवला आणि पुढे परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवले, प्राचार्यपद सांभाळले. त्यांच्याच नावाचे रँग्लर परांजपे गणित पारितोषिक १९२७ मध्ये कापरेकरांना मिळाले. हे पारितोषिक परीक्षेतल्या गुणांसाठी नव्हते. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने गणितात काही नवे केले असेल तर त्यासाठी होते. पुढच्या साठ वर्षांत कापरेकरांनी जे केले त्याची चुणूक इथेच दिसते.

१९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. पदवी मुंबई विद्यापीठाची, कारण पुणे विद्यापीठ स्थापन व्हायला अजून वीस वर्षे होती. त्यापुढचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नाही. एम.एस्सी. नाही, डॉक्टरेट तर नाहीच. नाशिकजवळच्या देवळालीला, लष्करी छावणीच्या त्या गावात, शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. तीस वर्षांहून जास्त काळ एकाच गावात शाळामास्तर. चरित्र म्हणून पाहिलं तर इथे सांगण्यासारखं फारसं नाही, असंच वाटेल. सायकलवरून शिकवण्यांना जायचे, नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करायचे, गणिताच्या परिषदांना पदरचे पैसे खर्चून हजर राहायचे. सगळी मजा आहे ती त्यांच्या डोक्यात काय चालायचं त्यात. म्हणून आता तिकडेच वळू.

कापरेकरांची पद्धत अशी होती. एखादी संख्या घ्यायची आणि तिला काहीतरी करायला लावायचं. अंक उलटे करा, बेरीज करा, वर्ग करा, तुकडे पाडा. मग काही संख्या वेगळ्या वागताना दिसतात. त्यांना नाव द्यायचं, त्यांचं कुटुंब शोधायचं. नावं देण्यात तर त्यांचा हातखंडा होता. मुंबईपासून साधारण ३० मैलांवर, जी.आय.पी. रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनवर त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्या संख्या झाल्या डेम्लो संख्या, स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून. (आजच्या डोंबिवली स्टेशनात सकाळी साडेआठला उभं राहून कोणाला काही सुचत असेल तर त्याला माझा साष्टांग नमस्कार.) त्यातल्या सर्वांत देखण्या आपल्या ओळखीच्या आहेत : ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. अंक एकेक पायरी चढतात आणि तसेच उतरतात. नऊ एकांपर्यंत हे चालतं, दहाव्याला हातचा येतो आणि जिना मोडतो. तो का मोडतो हे मुलांना उभ्या गुणाकारात दाखवा, हातच्याचा धडा वेगळा घ्यावा लागणार नाही.

दुसरं नाव हर्षद. हर्ष देणारी ती हर्षद. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो अशी संख्या. १२ घ्या : १ आणि २ मिळून ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो. १८ तशीच. १९ नाही. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही सुद्धा हर्षद आहे : अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. परदेशात पुढे याच संख्यांना नायव्हन संख्या असंही नाव पडलं, ते आयव्हन नायव्हन या गणितज्ञावरून. पण आपण आपलं हर्षदच म्हणू, ते आधीचंही आहे आणि गोडही. आपल्या कोड्यातल्या दोन उभ्या संख्यांची किल्ली मिळाली.

तिसरी, कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग करा : २०२५. त्याचे दोन तुकडे पाडा, २० आणि २५. बेरीज ४५! ५५ चा वर्ग ३०२५ : ३० आणि २५ मिळून ५५. ९९ चा वर्ग ९८०१ : ९८ आणि ०१ मिळून ९९. तीन अंकी संख्या असेल तर वर्गाचे उजवीकडचे तीन अंक वेगळे काढायचे आणि उरलेल्यांत मिळवायचे. २९७ चा वर्ग ८८२०९, म्हणजे ८८ अधिक २०९, बरोबर २९७. संख्येचा वर्ग म्हणजे मोठा झालेला मुलगा, पण घरी आला की पुन्हा तोच, असं एकदा वर्गात म्हणून बघा, मुलं लक्षात ठेवतात.

आता मात्र थोडं थांबायला हवं, कारण पुढची संख्या त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हेच. आपण कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आणि ६१७४ चे अंक मांडले तर पुन्हा ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी इथे थांबली ती थांबलीच. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोचता. १९०५ ला बरोबर सात लागल्या. ही गोष्ट कापरेकरांना १९४६ मध्ये सापडली, १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती जाहीर केली आणि १९५० च्या दशकात न्यू यॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावर लिहिलं. आज जगभर तिला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

समाजमाध्यमांवर ६१७४ ला गूढ संख्या, जादुई संख्या म्हणून फिरवतात. कापरेकरांसारख्या शिक्षकावर हा अन्यायच आहे. जादू म्हटलं की मुलं टाळ्या वाजवतात आणि विचार थांबवतात. आणि इथे तर विचार करण्यासारखं भरपूर आहे. उतरत्या क्रमाने मांडलेले अंक अ, ब, क, ड असे समजा. वजाबाकी केली की उत्तर येतं : ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे उत्तर ठरवायला चार अंक लागतच नाहीत, दोन फरक पुरतात! पहिला फरक १ ते ९ मधला, आणि दुसरा फरक पहिल्यापेक्षा कधीच मोठा नसतो. अशा जोड्या मोजल्या तर भरतात फक्त ५४. हजारो संख्या घेऊन निघालात तरी पहिल्याच पायरीनंतर ५४ दारांपैकी एका दारात उभे. मग प्रत्येक दारातून वाट कुठे जाते तेवढं तपासायचं. ५४ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला एकेक दार वाटून द्या (पटसंख्या जास्त असल्याचा एवढा एक तरी फायदा), आणि एका तासिकेत तुमचा वर्ग एक प्रमेय सिद्ध करून दाखवेल. पडताळा नव्हे, सिद्धता. दोन्हींतला फरक आठवीच्या मुलांना समजावायला याहून सोपं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

एक सूचना : उत्तर ०९९९ आलं तर पुढचं शून्य सोडायचं नाही. मुलं ते हमखास गाळतात, मग ९९९ वजा ९९९ करून शून्यावर येतात आणि कापरेकर चुकले असं जाहीर करतात.

तीन अंकी संख्यांना हेच केलं तर? अ, ब, क हे उतरते अंक धरले तर उत्तर ९९ गुणिले (अ − क). मधला अंक उडूनच जातो. म्हणून उत्तरं फक्त नऊ : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. या नवांपैकी स्वतःकडे परत येते ती एकच, ९५४ वजा ४५९. आपल्या कोड्यातली पहिली आडवी ओळ भरा : ४९५.

स्वयंभू संख्यांबद्दल सांगितलं नाही तर कापरेकरांची ओळख अर्धीच राहील. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ चा जन्म १५ पासून. १०१ ला तर दोन जन्मदाते : ९१ मध्ये १० मिळवा किंवा १०० मध्ये १. पण २० बघा. अशी कुठलीच संख्या सापडत नाही जिच्यात तिचे अंक मिळवून २० येतील. ३१, ४२, ५३ यांचंही तसंच. ज्यांना कोणी जन्म दिला नाही त्या स्वयंभू. आपल्याकडे गणपतीची किंवा महादेवाची मूर्ती स्वयंभू असते, कापरेकरांनी संख्यांना तो मान दिला. त्यांनाच त्यांनी आपल्या गावावरून देवळाली संख्याही म्हटलं. १९५९ मध्ये त्यांनी या संख्यांच्या कोड्यांवरच एक पुस्तिका देवळालीहून स्वतः छापून काढली, १९६३ मध्ये आणखी एक. आणि १९६३ ही स्वतः स्वयंभू संख्या आहे. पडताळायचं असेल तर १९३५ ते १९६२ एवढ्याच संख्या बघाव्या लागतात. एवढ्याच का, हे मुलांना विचारा.

पुस्तिका स्वतः छापल्या, असं मी सहज लिहून गेलो, पण त्यात बरंच काही आलं. भारतातल्या गणितज्ञांनी सुरुवातीला कापरेकरांना गांभीर्याने घेतलंच नाही. त्यांचं बरंचसं लेखन दुय्यम समजल्या जाणाऱ्या नियतकालिकांत आलं किंवा पदरमोड करून छापलं गेलं. परिषदांना हा माणूस सायकलवरच्या शाळामास्तराच्या वेशात यायचा, उत्साहाने संख्यांच्या गमती सांगायचा, आणि विद्यापीठातल्या मंडळींना ते पोरखेळ वाटायचं.

या ठिकाणी सगळा दोष त्या मंडळींच्या माथी मारणं सोपं आहे, आणि कापरेकरांवरच्या बहुतेक लेखांत तसंच केलेलं असतं. मला ते पटत नाही. त्यांच्या आक्षेपात तथ्य होतं. ६१७४ चा गुण हा त्या संख्येचा नाही, आपल्या लिहिण्याचा आहे. आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून तो दिसतो. पायाच बदलला, समजा आठच्या पटीत लिहिलं, तर चित्र वेगळं. मूळसंख्यांचं तसं नसतं, सात ही कोणत्याही लिपीत, कोणत्याही पायात मूळच राहते. गणितात काय खोल आणि काय वरवरचं, हे ठरवायची ही एक रास्त कसोटी आहे. पण त्या कसोटीवर उतरत नाही म्हणून शिकवण्याजोगंही नाही, हे कुठून आलं? आपली मुलं दहाच्याच पटीत लिहितात. हातच्याची वजाबाकी त्यांना दहाच्याच पटीत करायची आहे. एकक, दशक, शतक म्हणजे नेमकं काय, हे ९९९ आणि ९० या दोन आकड्यांत जितकं उघडं पडतं तितकं दहा पानी स्वाध्यायात पडत नाही. कापरेकरांचं गणित हे स्थानिक किमतीचं गणित आहे. विद्यापीठाला ते उथळ वाटलं असेल, शाळेला मात्र ते मापात शिवून दिल्यासारखं बसतं. आणि ते शाळेतल्याच एका शिक्षकाला सुचावं यात मला नवल वाटत नाही.

पालकसभेत हमखास येणारा प्रश्न असतो की हे परीक्षेला आहे का. नाही, थेट नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत संख्यामालिका आणि अंकांची कोडी असतात, तिथे उपयोग होईल, पण त्यासाठी म्हणून हे करायचं नाही. मी एवढंच पाहिलंय की वजाबाकीच्या दहा उदाहरणांना नाक मुरडणारी मुलं ६१७४ कधी येतंय ते बघायला चाळीस वजाबाक्या न सांगता करतात, आणि एखादी चुकली तर स्वतःच शोधून काढतात, कारण चुकली की गाडी भलतीकडेच जाते.

कोडं अर्धं राहिलंय. पहिली ओळ ४, ९, ५ अशी भरली आहे. आता तळाची आडवी संख्या, तीन अंकी कापरेकर संख्या. अशा किती आहेत? नववी-दहावीच्या मुलांना हे शोधता येतं. संख्या न मानली, तिच्या वर्गाचा डावा तुकडा अ आणि उजवा ब. वर्ग म्हणजे १००० अ + ब, आणि अ + ब म्हणजे न. वजा केलं की न चा वर्ग वजा न बरोबर ९९९ अ. म्हणजे न आणि न − १ यांच्या गुणाकाराला ९९९ ने भाग जायला हवा. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७, आणि लागोपाठच्या दोन संख्यांत सामाईक विभाजक नसतो. तेव्हा एकीला २७ ने आणि दुसरीला ३७ ने भाग जाईल, नाहीतर एकीलाच ९९९ ने. शोधून तीनच निघतात : २९७, ७०३, ९९९. पैकी २९७ आणि ७०३ ची बेरीज १०००, जशी ४५ आणि ५५ ची १००. हा योगायोग नाही, पण त्यात आत्ता शिरत नाही.

तीनपैकी कुठली? इथे संकेत संपतात आणि कोडं सुरू होतं. खरं तर चांगल्या गूढ शब्दकोड्यातही हेच असतं. एकटा संकेत उत्तर देत नाही, आडव्या-उभ्याची गाठ पडते तिथे उत्तर सुटतं.

९९९ धरून बघू. मग डावी उभी संख्या ४ ने सुरू होऊन ९ ने संपते आणि ती हर्षद हवी. संख्या विषम आहे, म्हणून अंकांची बेरीजही विषमच हवी, कारण सम संख्येने विषम संख्येला भाग जात नाही. ४ आणि ९ मिळून १३, तेव्हा मधला अंक सम. ४०९, ४२९, ४४९, ४६९, ४८९ यांना अनुक्रमे १३, १५, १७, १९, २१ ने भाग देऊन बघा. एकीलाही जात नाही. ९९९ बाद.

२९७ धरली तर डावीकडे ४०२ आणि ४३२ या दोन हर्षद बसतात, आणि इथे बहुतेकांना वाटतं की जमलं. पण उजवी उभी संख्या ५ ने सुरू होऊन ७ ने संपणारी हवी. ५ आणि ७ मिळून १२, म्हणून या वेळी मधला अंक विषम : ५१७, ५३७, ५५७, ५७७, ५९७. भाजक १३, १५, १७, १९, २१. एकही नाही. २९७ सुद्धा बाद.

उरली ७०३. डावी उभी ४ ने सुरू, ७ ने शेवट. ४०७ : अंकांची बेरीज ११, आणि ११ गुणिले ३७ बरोबर ४०७. बाकीच्या ४२७, ४४७, ४६७, ४८७ जात नाहीत. उजवी ५ ने सुरू, ३ ने शेवट. ५१३ : बेरीज ९, आणि ९ गुणिले ५७ बरोबर ५१३. इतर कोणी नाही. पडताळा राहिला, ७०३ चा वर्ग ४९४२०९, तुकडे ४९४ आणि २०९, बेरीज ७०३.

४ ९ ५
० ■ १
७ ० ३

मुलांना हे देताना उत्तर फळ्यावर लिहू नका, आणि २९७ ची वाट त्यांना पूर्ण चालू द्या. ४३२ सापडल्यावरचा आनंद आणि उजवीकडे अडल्यावरचा वैताग, दोन्ही त्यांचे त्यांना मिळू देत. सहावी-सातवीला द्यायचं असेल तर तीन कापरेकर संख्या आधी सांगून टाका, त्याने काही बिघडत नाही.

कापरेकरांकडे परत येऊ. १९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. राहणी अगदी साधी होती, तरी पेन्शनवर भागेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. वय साठीच्या पुढे. स्वतःच्या नावाची संख्या जगाला देणारा माणूस महिन्याचा खर्च भागवण्यासाठी शिकवण्या घेत होता, हे वाचून आपल्यापैकी अनेक निवृत्त शिक्षकांना फार आश्चर्य वाटणार नाही.

मग १९७५ चा मार्च आला. अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर हे गणिती खेळांवर सदर लिहीत. जगभरचे गणितप्रेमी, त्यांत मोठमोठे गणितज्ञही, ते सदर वाचत. त्या महिन्यात गार्डनरनी कापरेकरांवर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिलं. देवळालीच्या पुस्तिकांतल्या संख्या जगभर पोचल्या, आणि ज्यांनी कापरेकरांना हसण्यावारी नेलं होतं त्यांनाही आता ते नाव ओळखावं लागलं. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. पुढे या संख्यांवर अनेकांनी शोधनिबंध लिहिले, संगणक आल्यावर मोठमोठ्या कापरेकर संख्या शोधल्या गेल्या. गणितानंद या नावाने ते ओळखले जात, आणि शाळा-कॉलेजांतून त्यांना बोलावणी येत.

१९८६ मध्ये देवळालीलाच त्यांचे निधन झाले. १९८६ चे अंक उतरत्या क्रमाने मांडून चढत्या क्रमाने वजा केले, ९८६१ वजा १६८९, तर पहिल्याच पायरीला ८१७२ येतं. जन्मवर्ष १९०५ त्याच ८१७२ वर दुसऱ्या पायरीला आलं होतं. पुढच्या पाच पायऱ्या दोघांच्या सारख्याच.